तुरटीचा गाळ

मैलापाण्याचा गाळ वाळवायचा, हवा लागू न देता भट्टीत भाजायचा आणि त्या कोळशाने कापडगिरणीचं रंगीत पाणी साफ करायचं, हे डोकं प्रयोगशाळेतल्या सहायक बाईंचं. चार वर्षं त्यांनी गाळाच्या बादल्या वाहिल्या. बसमध्ये शेजारची माणसं उठून जायची. घरी सासूबाई म्हणायच्या, "आधी आंघोळ, मग तोंड दाखव." कोळसा जमला, तेव्हा अहवालावर नाव एकच आलं, प्रयोगशाळेच्या प्रमुख साहेबांचं. बाईंनी जाब विचारला तर ते हसले. "बादल्या उचलणाऱ्यांची नावं छापत बसलो तर कागद पुरायचा नाही."

ते शब्द बाईंच्या मनात सलत राहिले.

बड्या पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक ठरलं. त्याच्या पंधरवडाभर आधी, मैलापाण्याच्या केंद्रात काम करणारे त्यांचे मामा जेवताना सहज बोलून गेले, "आता आम्ही टाक्यांत गाळ बसवायला लोहाचा क्षार टाकत नाही गं. तुरटी टाकतो."

बाईंचा घास हातातच राहिला. रंग तोडायचा कोळशाचा सगळा जोर त्या लोहात होता, आणि तुरटीत लोह नसतं.

"साहेबांच्या कानावर घाल," मामा म्हणाले.

"त्यांनी विचारलं तर घालीन."

साहेबांनी ताज्या गाळाचा कोळसा मागवला. विचारलं काहीच नाही. बाईंनी तो नेहमीच्याच निगुतीने भाजला, कुटला, चाळला.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी साहेबांनी लालभडक पाण्यात काळी पूड टाकली, वर पेरॉक्साइड ओतलं. "दहा मिनिटांत नितळ!" दहा झाली, वीस झाली, चाळीस झाली. पाणी जरा फिकटलं, पण लाल ते लालच. पाहुण्यांतल्या एका वयस्क रसायनतज्ज्ञांनी विचारलं, "या गाळात लोह किती आहे?"

साहेब सहायक बाईंकडे वळले. "बाई, सांगा की."

"मला काय विचारता साहेब? मी बादल्या उचलणारी."

कुणीतरी फिसकन हसलं. बाईंना इतकं गार वाटलं, की चार वर्षांचा शीण उतरला.

योजना गुंडाळली गेली, साहेबांची बदली झाली. मामांनी आठ दिवस अबोला धरला. मग एकदा जेवताना न राहवून म्हणाले, "नाल्यात रंग तसाच वाहतोय गं. कोळसा तुझाच होता ना?"

"माझाच होता," बाई म्हणाल्या. "वाहू दे आणखी एक वर्ष, माझ्या नावाला कागद पुरेपर्यंत."

आणि त्यांनी मामांच्या ताटात भात वाढला.