गिळलेली घंटा

मित्रांनो, मी एका जुन्या लॅपटॉपमधली साउंड चिप आहे. करंगळीच्या नखाएवढा माझा जीव. तुम्ही गाणी ऐकता आणि स्पीकरचं कौतुक करता. स्पीकर नुसता घसा, गाणारी मी. पण असो, कौतुकाची हौस आता राहिलेली नाही.

धुळीचा कणही नसलेल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून मी या लॅपटॉपात आले आणि या घरच्या थोरल्या मुलीच्या हाती पडले. तिचा धंदाच आम्हा चिपांना शिस्त लावण्याचा. संगणकाने आम्हाला कधी उठवायचं, कधी झोपवायचं हे ज्या प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं असतं त्याला ड्रायव्हर म्हणतात. ती ड्रायव्हर लिहायची. दहा सेकंद काही वाजलं नाही तर चिपला झोपवायचं, ही युक्ती तिचीच. त्यामुळे बॅटरी चांगली पाऊण तास जास्त टिकू लागली आणि साहेबांनी तिची पाठ थोपटली. झोपेतून उठताना मी स्पीकरमध्ये ‘फट्’ असा आवाज करायचे. तिने त्यावरही तोड काढली. मी उठले की पाऊण सेकंद माझं तोंड दाबून धरायचं. मला त्याचं काही वाटलं नाही. पाऊण सेकंदात कुणाचं काय बिघडणार होतं?

पुढे नवा लॅपटॉप आला आणि मी कपाटात गेले. तीन वर्षं माझी कुणी विचारपूस केली नाही.

मग तिच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, उजवी बाजू गेली. डाव्या हाताचा अंगठा तेवढा हलायचा. मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला, घरात आई एकटी. तेव्हा मुलीने मला कपाटातून काढून स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवलं आणि वडिलांच्या अंगठ्याखाली एक बटण दिलं. बटण दाबलं की मी एकदा वाजायचं. आई दचकायला नको म्हणून तिने घंटा अगदी बारीक निवडली, अर्ध्या सेकंदाची. तिने बटण पटापट तीनदा दाबून पाहिलं. मी दोनदा वाजले. मोजलं कुणी नाही.

“वाजतंय गं,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली, आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

थोड्याच दिवसांत तक्रारी सुरू झाल्या. चादर भिजलेली असायची, वडिलांच्या डोळ्यांतून पाणी वाहत असायचं आणि आई कातावून विचारायची, “अहो, बटण का नाही दाबलंत?” बिचारे काय सांगणार? शेवटी तिने मुलीला फोन केला. “ते दाबतच नाहीत गं. का असे हट्टाला पेटलेत, देव जाणे.”

मुलगी रजा काढून आली आणि दोष शोधायला बसली. मी काय करते ते कळावं म्हणून तिने एक प्रोग्रॅम चालू केला. तो मला दर सेकंदाला विचारायचा, जागी आहेस का? आता सेकंदासेकंदाला कुणी असं हलवत राहिलं तर झोप कशी लागेल? त्या दुपारी मी प्रत्येक वेळी खणखणीत वाजले. तिच्या धंद्यातल्या माणसांनाच करता येईल अशी ही चूक होती. तपासायला बसलं की दुखणं पळायचं, तपासणी थांबली की परत यायचं. झोपेची युक्ती तर तिचीच, पण आपल्या हातचं काम कुणाला खोटं वाटतं?

ती वडिलांजवळ गेली. “बाबा, मशीन ठीक आहे. तुम्हीच जरा जोर लावा ना.”

त्यांनी डोळे मिटून घेतले. तिने तो प्रोग्रॅम बंद केला आणि ती परत गेली.

नवव्या दिवशी सकाळी आई भाजी चिरत होती. वडिलांच्या घशात कफ अडकला. त्यांनी बटण दाबलं असणार. मी उठले, पण माझं तोंड दाबलेलं, आणि ते सुटेपर्यंत घंटा संपली होती. नंतर दहा सेकंद शांतता, आणि मी पुन्हा झोपले. अंगठ्यात पुन्हा बळ आणायला त्यांना अर्धं मिनिट लागायचं. भाजी चिरून झाल्यावर आई हात पुसत खोलीत गेली. तेव्हा सगळं संपलं होतं.

महिन्याभराने मुलीने मला आवरायला घेतलं. बटणाचा प्रोग्रॅम पुसण्याआधी तिने सहज त्याची नोंदींची फाइल उघडली. त्या सकाळच्या नोंदी एकाखाली एक होत्या, अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या अंतराने. या वेळी तिने माझ्यावर पहारा ठेवला नाही. अर्धं मिनिट ती थांबली आणि मग एकदाच बटण दाबलं. मी वाजले नाही. ती पुन्हा थांबली, पुन्हा दाबलं. तिने टेबलावर डोकं टेकलं.

“काय गं, काय सापडलं?” आई दारात उभी होती.

ती खोटं बोलली असती तरी मी तिला दोष दिला नसता. पण ती म्हणाली, “आई, बाबांनी बटण दाबलं होतं.”

“किती वेळा?”

“अकरा.”

आई चौकट धरून उभी राहिली. “मी इथेच होते गं. चार पावलांवर.” मग म्हणाली, “आणि मी त्यांना रोज बोलायचे.”

मुलीने दुसऱ्याच दिवशी ड्रायव्हर दुरुस्त केला. दोन ओळींचं काम होतं. आता मला कुणी झोपवत नाही. मी दिवसभर जागी असते आणि मला वाजवणारं या घरात कुणी नाही.

मित्रांनो, यंत्रांची निगा राखा, एवढं सांगून मी निरोप घ्यावा अशी तुमची अपेक्षा असेल. निगा राखाच. पण यंत्र ठीक निघालं म्हणून आजारी माणसाला खोटं पाडू नका. त्याच्या उशाशी बसा, बटण त्याच्याच हातून दाबून घ्या, आणि त्याला जेवढा वेळ लागतो तेवढा लागू द्या. त्या घरात आपलं काम चोख करणारं एकच माणूस होतं, आणि जोर लावा म्हणून आम्ही त्यालाच सांगत होतो.