उल्डहेमचा गायक

क्रांती चौकातून आत वळलं की नवाबभाईचं गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान लागतं. रविवारी दुपारनंतर तिथं गिऱ्हाईक फिरकत नाही, म्हणून शहरातले हेवी मेटल ऐकणारे सगळे लोक तिथं जमतात. सगळे म्हणजे चार. पाचवा होता, त्याचं लग्न झालं.

नवाबभाई सगळ्यांत जुना. त्याचे केस कमरेपर्यंत आहेत आणि दर शुक्रवारी त्याची अम्मी त्यांना तेल लावते, पण त्याबद्दल कुणी बोलत नाही. तो ब्लॅक मेटलवाला. ब्लॅक मेटल म्हणजे बर्फात उभं राहून लांबून कुणीतरी किंचाळतंय असं संगीत. झेबा पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते आणि थ्रॅश ऐकते. थ्रॅशला कायम कुठंतरी जायची घाई असते. तिलाही असते. बद्रीनाथ एका पतसंस्थेत वसुलीला आहे आणि डूम ऐकतो. डूममध्ये एक सूर वाजला की दुसरा वाजेपर्यंत माणूस पाणी पिऊन येतो. बद्रीनाथला काही विचारलं तरी तेवढाच वेळ मिळतो.

चौथा खंडेराव. चिकलठाण्यातल्या एका कंपनीत क्वालिटीला. त्याला स्वतःचा असा उपप्रकारच नव्हता. "तू नेमकं काय ऐकतोस?" असं विचारल्यावर जो माणूस "सगळंच" म्हणतो, त्याच्याकडं मेटलवाले ज्या नजरेनं बघतात, त्या नजरेची त्याला सवय झाली होती. लाज मात्र सवयीची होत नाही. ती दर रविवारी नवी कोरी यायची.

दुकानाचा रिवाज असा, की दर बैठकीला एकानं असा बँड आणायचा जो बाकीच्यांनी ऐकलेला नाही. अडचण ही, की बाकीच्यांनी प्रत्येक बँड ऐकलेला असायचा. खंडेरावनं रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत कुठून कुठून शोधून फिनलंडचे आणले, ब्राझीलचे आणले. गाणं सुरू होऊन गिटार गरम व्हायच्या आत नवाबभाई डोळे मिटून म्हणायचा, "अच्छा है. लेकिन पहले वाली बात नहीं रही." म्हणजे पहलेवालंही ऐकलेलं. मग खंडेरावचे कान तापायचे आणि तो सगळ्यांसाठी चहा सांगायला उठायचा. तेवढंच एक काम त्याला नक्की जमायचं.

घरचं त्यानं तिथं फारसं सांगितलं नव्हतं. वडील काय करतात असं झेबानं एकदा विचारलं, तेव्हा तो "लाइव्हस्टॉकमध्ये आहेत" म्हणाला. यात खोटं काही नव्हतं. त्याचे आबा, कारभारी त्यांचं नाव, गंगापूरकडच्या माळावर मेंढ्या राखायचे.

दिवाळीला तो गावी गेला होता. एका संध्याकाळी आबा उसाच्या बांधावर उभे राहून ओरडत होते. मेंढपाळाची हाळी, तिच्यात शब्द नसतात. ती पोटातून निघते, घशात खरवडते आणि माळाच्या पलीकडं जाऊन पडते. आबा मधूनच हातातल्या काठीनं रिकामा डबा वाजवायचे आणि पुन्हा ओरडायचे. मागं वारा, मेंढ्यांचं बें-बें, लांब कुठंतरी उसाचा ट्रॅक्टर. खंडेरावनं ते फोनवर टिपून घेतलं. कंपनीतल्या पोरांना ऐकवून हसू, असा साधा विचार होता.

पुढं त्याची पाळी असलेला रविवार आला आणि त्यानं जपून ठेवलेला पेरू देशाचा बँड बद्रीनाथनं आदल्याच दिवशी ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, "लहानपणीची आठवण." खंडेरावकडं दुसरं काही नव्हतं. त्यानं एका फुकटच्या अ‍ॅपवर आबांची हाळी जराशी घुमवली, ट्रॅक्टर मोठा केला आणि दुकानात जाऊन सांगितलं, "उल्डहेम. नॉर्वेचे आहेत. दोघंच असतात. मुलाखत देत नाहीत."

त्याला वाटलं होतं, पहिल्या बें-बेंलाच सगळे हसतील, मग तोही हसेल आणि चहा सांगायला उठेल. पण मेटल ऐकणारा माणूस मरेल, पण एखादा बँड आपल्याला माहीत नाही असं म्हणणार नाही. आबा ओरडत राहिले. नवाबभाईनं डोळे मिटले आणि या वेळी शेवटपर्यंत उघडलेच नाहीत. मग म्हणाला, "इनका पहला डेमो सुना था मैंने. कॅसेट पे था." झेबा म्हणाली की आधीचा ड्रमर बरा होता, हा नुसता डबा बडवल्यासारखा वाजवतो. बद्रीनाथ बऱ्याच वेळानं म्हणाला, "हा माणूस खोटं ओरडत नाही." त्याचे डोळे ओले होते.

नंतर हे ब्लॅक की डूम यावर वाद झाला. मेंढ्यांचा आवाज कीबोर्डचा आहे असं नवाबभाईचं मत पडलं. अंधार पडता पडता 'चराऊ ब्लॅक डूम' असा नवा उपप्रकार ठरला आणि त्यातला जाणकार म्हणून खंडेरावला ग्रुपचं अ‍ॅडमिन केलं. जालन्याचे, परभणीचे लोक त्याला मेसेज करून विचारायला लागले, चराऊत सुरुवात कुठून करावी.

पुढच्या रविवारी खरं सांगून टाकायचं, असं तो दर रविवारी ठरवायचा. पण तोवर नवाबभाईनं आणखी काहीतरी वाढवून ठेवलेलं असायचं. गायक डोंगरात एकटा राहतो, माणसांशी बोलत नाही, जनावरांशी बोलतो. हे नवाबभाईनं पार मनानं रचलं होतं आणि बऱ्यापैकी बरोबर होतं. ते ऐकताना खंडेराव मान खाली घालून सीट कव्हरचे धागे उपटत बसायचा. बाकीच्यांना वाटायचं, जाणकार आहे, कमी बोलतो.

मग नवाबभाईनं टी-शर्ट छापले. काळे, वर पांढऱ्या रंगात उल्डहेम. अक्षरं अशी, की कुणीतरी बाभळीची फांदी कापडावर आपटून उचलली. मेटलमध्ये नाव वाचता आलं तर तो कमीपणा समजतात.

टी-शर्ट आले त्याच रविवारी आबा मेंढ्यांचं जंताचं औषध न्यायला शहरात आले. खंडेरावनं त्यांना गंगापूरच्या जीप लागतात तिथंच थांबायला सांगितलं होतं, मी येतो म्हणून. पण तो चहा आणायला गेला असताना गल्ल्यावर ठेवलेला त्याचा फोन वाजला. पडद्यावर 'आबा' दिसलं. मोठ्या माणसाचा फोन वाजत ठेवणं नवाबभाईच्या रीतीत बसत नव्हतं. त्यानं तो उचलून आबांना दुकानावरच बोलावून घेतलं, आणि चहावाल्याकडं त्या दिवशी गर्दी होती. खंडेराव चहा घेऊन आला तेव्हा आबा नव्या कोऱ्या सीट कव्हरवर बसलेले होते. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी, मांडीवर औषधाचा डबा. झेबा घोंगडीला हात लावून विचारत होती, अशी कुठं मिळते. आणि नवाबभाई स्पीकरची वायर जोडत होता.

"चाचा, बुरा मत मानना. हमारा गाना जरा अलग रहता."

"लाव की," आबा म्हणाले.

खंडेरावच्या हातात चहाची किटली होती. ती ठेवायची की धरायची हे त्याला कळेना. त्यानं धरली.

दुकानात आबांचा आवाज भरला. आबा कान देऊन ऐकत होते. डबा वाजला त्या जागी त्यांची मांडीवरची मूठ जराशी वर उचलली गेली आणि परत खाली बसली. एवढंच. बाकी तोंडावरची रेघ हलली नाही. आवाज संपला तेव्हा त्यांनी विचारलं, "कोन हाय ह्यो?"

"नॉर्वे का है, चाचा. बहोत दूर."

आबांनी मान वळवून पोराकडं बघितलं. "खंडू, कुटला म्हनले?"

नवाबभाई, झेबा, बद्रीनाथ, सगळे जाणकाराकडं बघत होते.

"नॉर्वेचा हाय, आबा," खंडेराव म्हणाला.

"आसंल." आबांनी पटका नीट केला. "त्याचं कायतरी हारवलंय."

बद्रीनाथनं तोंड फिरवून चष्मा पुसला. झेबानं पहिल्यांदाच घाई न करता घोंगडीवरचा हात काढला. आणि खंडेरावला ते सोसवेना. किटलीतला चहा त्याच्या बुटावर सांडला, आणि तो म्हणाला की हा आवाज यांचाच आहे. आबांचा. मीच टिपलाय, आमच्या बांधावर. उल्डहेम म्हणून काही नाही.

नवाबभाईनं त्याच्याकडं असं बघितलं, जसं उसवलेल्या शिवणीकडं बघतो. मग मऊ आवाजात आबांना विचारलं, "क्यों चाचा? आपकी आवाज है?"

आबा थोडा वेळ टी-शर्टांच्या गठ्ठ्याकडं बघत राहिले. त्या बाभळीच्या फांद्या एकावर एक रचलेल्या होत्या.

"नाय बा," ते म्हणाले. "म्या कवा ग्येलो तकडं."

"देखा?" नवाबभाई खंडेरावला म्हणाला. "मजाक की भी हद होती है, मियाँ. सगे बाप का मजाक उडा रहा, वो भी हमारे सामने?"

झेबानं मान हलवली. बद्रीनाथ काही म्हणणार होता, पण ते त्या दिवशी तोंडापर्यंत पोचलं नाही. नवाबभाईनं आबांची माफी मागितली, पोरगा वाईट नाही, संगत वाईट आहे असं सांगितलं आणि एक टी-शर्ट घडी घालून त्यांच्या डब्यावर ठेवला.

जीप लागतात तिथवर बापलेक चालत आले. वाटेत बोलणं झालं ते औषधाचं. किती पाजायचं, मेंढ्या थुंकतात का. आबा मधल्या सीटवर खिडकीशी बसले. येतो, जातो, जपून, सगळं रीतसर झालं. पण वडापची जीप भरल्याशिवाय हलत नाही. निरोप घेऊन झाल्यावर माणूस समोरच उभा राहिला की कुठं बघावं याची सोय कुणीच केलेली नाही. खंडेराव खिडकीशी उभा होता. आबा समोरच्या सीटच्या पाठीकडं बघत होते.

"कवा क्येलतं त्ये?" आबांनी विचारलं.

"दिवाळीला."

"भुरी घावत नवती तवा."

भुरी ही मेंढी. ती हरवल्याचं खंडेरावला माहीत नव्हतं. त्या रात्री तो आबांच्या शेजारी बसून जेवला होता. फोनमध्ये मान घालून कानात फिनलंड ऐकत होता.

"मंग घावली?"

"नाय."

ड्रायव्हर गंगापूर, गंगापूर असं ओरडत एक चक्कर मारून आला. त्याच्या ओरडण्यात काही दम नव्हता.

"कामून क्येलतं पर?"

'आठवण म्हणून' हे उत्तर खंडेरावच्या जिभेवर तयार होतं. चांगलं होतं, आबांना आवडलंही असतं. "हसायला," तो म्हणाला. "पोरांना ऐकवून हसायला."

आबांनी मान हलवली. रागानं नाही, हिशेब लागल्यासारखी.

"हासले का मंग?"

"नाय. कुनीच नाय हासलं."

"त्यो चष्मेवाला तर रडाया आल्ता."

"व्हय."

"भुरीपायी घरी कुनी रडलं नाय," आबा म्हणाले. "तुजी माय म्हनली, येक मेंढरू त्ये, त्याचं काय येवडं."

खंडेरावनं खिडकीची कड धरली. ती उन्हानं तापलेली होती आणि तरी त्यानं सोडली नाही. तो फिरून पलीकडच्या दारानं आत चढला, दोन बायकांची गाठोडी ओलांडली आणि आबांच्या शेजारी येऊन बसला.

"तू कुटं?"

"घरी येतो."

"डुटी?"

"सांगतो कायतरी त्यांना."

"आता आजून काय सांगू नगं कुनाला," आबा म्हणाले.

खिशात फोन थरथरला. ग्रुपवर नवाबभाईचा मेसेज होता, सगळ्यांसमोर: चाचा से माफी माँगी क्या? झेबानं त्याला अंगठा दिला होता. जालन्याच्या एकानं काहीही माहीत नसताना अंगठा दिला होता.

खंडेरावनं फोन उलटा करून ठेवला. माफी मागायची म्हणजे नेमकं काय म्हणायचं असतं, हे तो आठवत होता. त्यांच्या घरात आजवर कुणी कुणाची मागितलेली नव्हती. रागावलेला माणूस दोन दिवस वाड्यावर, मेंढरांच्या कुंपणात झोपायचा आणि तिसऱ्या दिवशी भाकरीला यायचा. कंपनीत सॉरी म्हणायचे, पण ते आबांना म्हणणं म्हणजे त्यांना सुपरवायझर करून टाकणं. त्यानं दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा शेजारच्या बाईला वाटलं, तो सरकून बसायला सांगतोय, आणि ती बिचारी सरकली.

"आणा तो डबा," शेवटी तो म्हणाला. "मी धरतो."

आबांनी डबा दिला. वर तो टी-शर्ट होता, तोही दिला.

"सांडू नगं," ते म्हणाले.

बाहेर ड्रायव्हर नव्यानं ओरडायला लागला होता. जीप भरायला अजून एक माणूस कमी होता.