वच्छलेचा खोकला आणि माझा संशय

मी एक जुना पितळी पेला आहे. मित्रांनो, तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं आणि चंद्रभानच्या लग्नात मी सिंदी गावी त्याच्या घरी आलो. माझ्यातलं पाणी गोड लागतं, असं सगळे म्हणत.

चंद्रभानची बायको वच्छला कापसातली सरकी काढायच्या जिनिंगमध्ये कामाला जाई. तिला खोकला लागला. सासू मंदाबाईचा दीर क्षयाने गेला होता, त्यामुळे तिच्या मनात पाल चुकचुकली. तिने मला इतर भांड्यांतून काढून खिडकीत ठेवलं, फक्त वच्छलेसाठी. वच्छलेच्या चिमुकल्या मीरेला आईजवळ जायची बंदी झाली.

"तुले क्षयच हाय," मंदाबाई म्हणाली. "माहेरी जा, समुद्रपूरले."

"मले ताप नाई, आत्याबाई!"

खरं सांगतो, संशय मलाही होता. तिचे ओठ लागले की मी मनातून अंग चोरत असे.

मंदाबाईही खोकत होती. पण "मले सर्दी हाय" म्हणून ती वेळ मारून नेई.

चंद्रभानने डॉक्टर प्रभाकररावांना घरी आणलं. त्यांनी वच्छलेची छाती तपासली. "संध्याकाळी कणकण येते? अंग उतरलं? थुंकीत रक्त?"

"नाई जी. सुट्टीनंतर जिनिंगमध्ये गेली का छाती आवळते. घरी राह्यली का बरं वाटते."

"श्वासात शिट्टी वाजते आहे. कापसाच्या धुळीने धाप लागत असावी. थुंकी वर्ध्याला तपासू, पण लक्षणं क्षयाची वाटत नाहीत."

तेवढ्यात दाराआड मंदाबाईला उबळ आली. तिने घाईने पदर मुठीत दडवला. डॉक्टरांची नजर तिथेच थांबली.

"बाई, पदर दाखवा."

पदरावर लाल डाग होता. रोज संध्याकाळी अंगात ताप भरतो, चोळ्या सैल झाल्या आहेत, हे तिने तेव्हा कबूल केलं.

वर्ध्याला दोघींची थुंकी तपासली, तेव्हा क्षय निघाला तो मंदाबाईला. वच्छलेने जिनिंग सोडलं आणि तिची धाप ओसरली. सासूला मात्र बरेच महिने इंजेक्शनं घ्यावी लागली.

"माह्या जवळ काऊन येऊन राह्यली?" ती भिंतीकडे तोंड करून विचारी.

"तोंडावर पदर धरून खोका, आत्याबाई. दवा घ्या," वच्छला म्हणे आणि दारं-खिडक्या सताड उघडून ठेवी.

मंदाबाई बरी झाली. पहिल्याच दिवशी तिने मीरेला उचलून वच्छलेच्या मांडीवर बसवलं.

आता घरात स्टीलची भांडी आहेत आणि मी फळीवर काळा पडलो आहे. मित्रांनो, सर्दी चार दिवसांत उतरते. धाप लागली की श्वास वाजतो. पण खोकला लांबला, संध्याकाळी ताप आला, अंग झडू लागलं, तर लपवू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि घरात कुणी खोकलं, तर त्याचा पेला वेगळा ठेवण्याआधी त्याला नीट विचारा, "तुले काय होते?"