बाय कोण?

‘बाय कोण?’ हा प्रश्न गौतमने चार ठिकाणी विचारला. टॉवर बांधणाऱ्या कंपनीच्या काउंटरवर, पोलीस चौकीत, वकिलाच्या ऑफिसात आणि शेवटी मला. पहिल्या तिघांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, एकाने तर कटिंगही पाजलं. उत्तर कोणी दिलं नाही. मला तर ते देताच आलं नसतं, कारण माझी उत्तरांची पानं फाडली गेली आहेत.

मी इंग्रजी व्याकरणाच्या सरावाचं पुस्तक बोलतोय. आणि पाहिलंत, सुरुवातीलाच मी लबाडी केली. ‘फाडली गेली’ म्हणालो. कोणी फाडली ते गाळलं. सवय वाईट. माझ्या पान सत्त्याहत्तरवर हीच सवय शिकवतात, तिला पॅसिव्ह व्हॉइस म्हणतात. आता नीट सांगतो.

ठाकूरद्वारच्या एका बोळातल्या छापखान्यात माझा जन्म झाला. तिथे मुद्रितं तपासणाऱ्या गृहस्थांना जेवणानंतर डुलकी लागायची. त्या डुलकीत पान बेचाळीसवर एक अक्षर घसरलं आणि राम श्यामपेक्षा उंच, म्हणजे टॉलर, असण्याऐवजी ‘राम इज टेलर दॅन श्याम’ असं छापून बसलं. राम तेव्हापासून माझ्या पोटात बसून शिवणकाम करतोय.

माझा पहिला मालक अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीतला अभय. मुलाने नक्कल करू नये म्हणून त्याच्या वडिलांनी फूटपट्टी लावून माझी शेवटची सोळा पानं फाडली आणि कपाटात कुलूपबंद केली. एवढी काळजी वाया गेली. अभयने मला उघडलंच नाही. एकदा फक्त गरम इस्त्री माझ्या पाठीवर टेकवली, तो डाग अजून आहे. मग रद्दी, मग दादरचा फुटपाथ.

तिथे मला सुचित्राने उचललं. ती सत्तावीस वर्षांची, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करायची. विक्रेत्याने प्रामाणिकपणे सांगितलं की पाठीमागची उत्तरं गेली आहेत. ती म्हणाली, बरं झालं, आमच्यात उत्तर देणारे भरपूर आहेत.

ते उत्तर देणारे म्हणजे लोअर परळच्या त्यांच्या चाळीतला दुसरा मजला. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सातला गॅलरीत चटई पडायची आणि माझी पानं उघडायची. विद्यार्थी तीन. सीमा समोरच्या काचेच्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर लादी पुसायची. गुडघे गेले होते, डॉक्टरांनी उकिडवं बसायला मनाई केली होती. सुपरवायझर झाली तर वाकायचं काम सुटणार होतं, पण सुपरवायझरला रोजची नोंद इंग्रजीत लिहावी लागते आणि त्यासाठी आधी परीक्षा. सुंदराबाई मूळची मालवणकडची, साठी उलटलेली. तिचा नातू बंगळुरूला. व्हिडिओ कॉलवर तो इंग्रजीत काहीतरी विचारायचा आणि ही नुसती हसायची. तिसरे शामराव, गिरणी बंद पडल्यापासून रिकामे. ते शिकायला येत नसत, चुका काढायला येत. खुर्ची स्वतःची आणत.

काळ शिकवताना पहिली अडचण शामरावांनीच केली. ‘आय वर्क इन मिल,’ असं ते म्हणाले. सुचित्रा म्हणाली, काका, वर्क नाही, वर्क्ड. ते ऐकेनात. चार तास झाले तरी त्यांचं ‘वर्क’च. शेवटी तिने त्यांचं वाक्य तसंच राहू दिलं आणि वहीवर बरोबरची खूण केली. व्याकरणाचं पुस्तक म्हणून मी तेव्हा निषेध करायला हवा होता. केला नाही.

तुलनेचा धडा मात्र स्फोटक निघाला. जवळची उदाहरणं घ्या, असं सुचित्रा बोलून गेली. सीमाने लगेच वाक्य केलं की तिचं माशाचं कालवण सुंदरामावशीच्या कालवणापेक्षा बेटर आहे. वाक्य निर्दोष होतं. दोघी तीन दिवस बोलल्या नाहीत. त्यानंतर वर्गात कायदा झाला, तुलना माणसांची करायची नाही, फक्त माशांची करायची. मग पापलेट बोंबलापेक्षा कॉस्टलियर झालं, बोंबील पापलेटपेक्षा टेस्टियर झाला आणि शांतता नांदली.

गौतम सुचित्राचा धाकटा भाऊ. आठवीत शाळा सोडलेला, आता बाइकवरून पार्सलं पोचवणारा. आई-वडील नव्हते, ताईनेच वाढवलेला. वर्ग चालू असताना तो उंबऱ्यावर मोबाइल घेऊन बसायचा आणि टोमणे मारायचा. इंग्लिश बोलून तुम्हाला लिफ्टमध्ये जास्त जागा देणार आहेत का, असं विचारायचा. ताई म्हणायची, ‘गौत्या, तोंड चालवतोस तेवढी पेन्सिल चालव.’ मग तो कुरकुरत एखादी रिकामी जागा भरायचा आणि दहातली सात उत्तरं बरोबर यायची. ती त्याला हे कधी सांगायची नाही. डोक्यावर बसेल म्हणायची.

मार्च महिन्यातल्या एका दुपारी गल्लीच्या तोंडावर बांधकाम चालू असलेल्या टॉवरची फळी निसटली. खालून सुचित्रा चालली होती.

यापुढे मला लिहिता येत नाही, मी व्याकरणाचं पुस्तक आहे.

पंधरा दिवसांनी कंपनीचं पत्र आलं, इंग्रजीत. गौतमने ते कोणाकडून वाचून घेतलं नाही. मला शेजारी उघडलं आणि एकेक शब्द लावत बसला. पत्रात होतं, द प्लँक वॉज नॉट टाइड प्रॉपर्ली. फळी नीट बांधली गेली नव्हती. त्याने माझं पान सत्त्याहत्तर काढलं. तिथे वाक्यांच्या शेवटी ‘बाय’ होता. केक खाल्ला गेला, बाय गोपाल. पत्र लिहिलं गेलं, बाय सीता. केक खाणाऱ्याचंसुद्धा नाव होतं. पत्रात मात्र ‘बाय’च नव्हता. तेव्हा तो तिन्ही ठिकाणी जाऊन आला. सगळीकडे एकच सांगितलं, चौकशी चालू आहे.

घरी येऊन त्याने मला पुन्हा उघडलं. त्याच पानाच्या तळाशी चौकटीत माझा नियम छापलेला आहे, कर्ता माहीत नसेल तर ‘बाय’ लिहू नये. गौतमने तो वाचला आणि बॉलपेन घेऊन असा खोडला की पान पलीकडे फाटलं. मग मला लोखंडी पेटीत टाकलं आणि पेटीवर गादी.

पेटीत मी किती दिवस होतो कोण जाणे. बाहेर काढलं ते चोरांनी. गौतम पार्सलं घेऊन गेला होता, शेजारधर्म म्हणून किल्ली सुंदराबाईकडे असायची. तिने गादी उचलली, सीमाने पेटी उघडली आणि शामराव जिन्यावर पहारा देत खोकत राहिले. मला माशांच्या पिशवीत घालून नेलं. सुरमईचा एक खवला त्या दिवसापासून पान एकोणीसला चिकटलेला आहे. सीमाच्या परीक्षेला आठ दिवस उरले होते.

सुंदराबाईच्या खोलीत दार लोटून वर्ग सुरू झाला. तिसऱ्याच दिवशी गौतम वेळेआधी परतला आणि सुंदराबाईच्या दाराशी थबकला. आत ती मोठ्याने घोकत होती, आय अ‍ॅम, यू आर, ही इज.

त्याने दार ढकललं आणि मला हिसकावलं. काय बोलला ते सगळं सांगत नाही. मावश्या म्हणवता आणि पेट्या फोडता, असा त्याचा सूर होता. सीमा रडायला लागली. शामराव खुर्ची घेऊन निघाले. सुंदराबाई मात्र जागची हलली नाही.

‘पुस्तक तुझ्या बहिणीचा,’ ती म्हणाली. ‘पण झिला, तिना शिकवल्यान आमका. पेटीक नाय.’

गौतम उभाच राहिला. मी त्याच्या मुठीत होतो. मग तो एकदम चटईवर बसला आणि म्हणाला, ‘परीक्षा कधी आहे, सीमावहिनी?’

असा आमचा नवा मास्तर. त्याला जे येत होतं ते तो फाडफाड शिकवायचा, जे येत नव्हतं ते त्याहून जोरात. पॅसिव्ह व्हॉइसमध्ये त्याने स्वतःचा नियम केला, एकही वाक्य ‘बाय’शिवाय सुटायचं नाही. केलं त्याचं नाव आलंच पाहिजे.

चाळीत त्याची साथ पसरली. नळाचं पाणी संपवलं गेलं, बाय शामराव. गॅलरीतली चप्पल हलवली गेली, बाय मांजर. जिन्यातला दिवा फोडला गेला, बाय तळमजल्यावरचा विकास, आणि हे वाक्य इतक्या मोठ्याने म्हटलं गेलं की विकासने मुकाट्याने नवा दिवा आणून लावला. सुंदराबाई एकदा विचारात पडली. तिचं म्हणणं, आपल्यात दूध उतू जातं, कप फुटतो, मीठ जास्त पडतं, कोणी काही करतच नाही. गौतम म्हणाला, तेच तर बंद करायचंय. तिने नातवाला कॉल लावला आणि पहिलं पूर्ण वाक्य टाकलं, माय ग्लास वॉज ब्रोकन बाय मी. तिकडे नातू टाळ्या वाजवत होता.

मी पोटातल्या पोटात ओरडत होतो. नियम असा नाही रे बाबा. पण माझा नियम शाईखाली गाडलेला. सीमा एकदा त्या खोडलेल्या चौकटीवर बोट ठेवून म्हणाली, इथे काय होतं? गौतम म्हणाला, छपाईची चूक. राम टेलर झाला ना, तसंच.

सीमा परीक्षा देऊन आली आणि दोन मार्कांनी नापास झाली.

पेपरात पाच वाक्यं होती, कर्ता ठाऊक नसलेली. कोणीतरी काच फोडली आहे, त्याचं पॅसिव्ह करा. सीमाने लिहिलं, काच फोडली गेली आहे, बाय नाईट शिफ्ट. मीटिंग रद्द केली गेली आहे, बाय बडे साहेब. फाइल हरवली गेली आहे, बाय एचआर. तपासणाऱ्यांनी पाचही जागी लाल रेघ ओढली, आणि शेवटच्या वाक्यापुढे प्रश्नचिन्हही काढलं.

सीमा जिना एकेक पायरी थांबत चढली, गुडघ्याला तेल लावून बसली. सुंदराबाईने विचारल्यावर एवढंच म्हणाली की त्याने शिकवलं तसं लिहिलं. गौतम गॅलरीत होता. त्याने ऐकलं.

दुसऱ्या दिवशी त्याने मला पार्सलांच्या बॅगेत टाकलं. सीमाच्या काचेच्या टॉवरच्या गेटवर सांगितलं, डिलिव्हरी आहे, चौदावा मजला. खोटंही नव्हतं ते. परीक्षा घेणाऱ्या मृणालिनी मॅडम काचेच्या केबिनमध्ये डबा उघडून बसल्या होत्या. हा मुलगा हेल्मेट काखेत धरून उभा. त्यांना वाटलं, कोणाचं पार्सल चुकलं. त्याने सीमाचं नाव घेतल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या की निकाल लागल्यावर परीक्षा पुन्हा घेत नाहीत, सहा महिन्यांनी येईल तेव्हा बसू दे. त्याने ऐकून घेतलं आणि मला त्यांच्या डब्याशेजारी उघडून ठेवलं, पान सत्त्याहत्तर.

मॅडमनी चष्मा लावला. शाईखालची अक्षरं त्यांना लागली, शेवटी त्यांचाच विषय.

‘हा नियम कोणी खोडला?’

‘मी.’

‘का?’

हेल्मेट या काखेतून त्या काखेत गेलं. मग बाइकवर येताना सिग्नलला सिग्नलला घोकलेलं वाक्य त्याने इंग्रजीत म्हटलं. ‘मॅडम, शी वॉज टॉट राँग. बाय मी.’

मी व्याकरणाचं पुस्तक. त्या वाक्यात एकही चूक नव्हती.

मॅडमनी माझ्या फाटलेल्या पानावरून बोट फिरवलं. डबा तसाच. मग खणातून एक कोरा पेपर काढून त्यांनी तारीख टाकली, गुरुवारची, आणि म्हणाल्या की पाच वाक्यं नवीन असतील, नाईट शिफ्टला यात ओढायचं नाही.

आज मी सीमाच्या खणात असतो. तिचा खण म्हणजे चौदाव्या मजल्यावर सुपरवायझरचं टेबल आहे ना, त्याचा. पाठीवर इस्त्रीचा डाग, पोटात खवला, शिवणकाम करणारा राम. शुक्रवारी ती मला घरी नेते, गॅलरीत चटई पडते. शामराव अजून गिरणीत आहेत, वर्तमानकाळात. कोणाकडे माझ्यासारखं जुनं पुस्तक पडून असेल तर एवढं करा, त्याला पेटीत घालू नका. बाकी तक्रार नाही.

फक्त त्या बुधवारचं सांगायचं राहिलं, परीक्षेच्या आदल्या दिवसाचं. गौतमने तिघांना बसवलं, मला मांडीवर घेतलं आणि फाटक्या चौकटीखालच्या कोऱ्या जागेत पेनाने नियम पुन्हा लिहून दिला. अक्षर वाकडंतिकडं, ओळ उतरत गेलेली. कर्ता माहीत नसेल तर ‘बाय’ लिहू नये. तिघांकडून तो तीनदा म्हणून घेतला. सीमाने वहीत उतरवला. मग त्याने पेन पुन्हा उघडलं आणि त्याच ओळीच्या पुढे एक शब्द वाढवून त्याखाली रेघ मारली. ‘परीक्षेत.’