गाडीमागचा माणूस

"तुला गाडी येते ना रे कडूबा? मग बस की स्टिअरिंगवर," बद्रीनाथ शेठ म्हणाले. "तीन गाड्या ड्रायव्हरवाचून उभ्या आहेत माझ्या."

कडूबाच्या हातातला ओला फडका तसाच राहिला. लग्नांची, सहलींची भाडी करणाऱ्या शेठच्या ट्रॅव्हल्सवर तो बावीस वर्षं क्लीनर होता. सामान चढवायचं, काचा पुसायच्या आणि गाडी मागं घेताना पाठीमागं उभं राहून ड्रायव्हरला हाका द्यायच्या, हे त्याचं काम. आता नव्या गाड्यांना मागं कॅमेरा आला होता. पुढच्या महिन्यापासून गाडीवर क्लीनर नाही, असं शेठनं आत्ताच सांगून टाकलं होतं. ड्रायव्हर मात्र दिवा घेऊन शोधले तरी सापडत नव्हते. तरणी पोरं मोटारसायकलवर पार्सलं वाटत फिरतात. मुरलेले गडी चितेगावला कंपनीच्या बसवर जातात, कारण तिथं रोज घरची भाकरी मिळते. लग्नसराईत आठ-आठ दिवस सीटवर झोपायची कुणाला हौस आहे?

"लायसन नाय ना शेठ. आठवी लागती त्याला. मी चौथी."

"ती अट निघून कैक वर्षं झाली. तुला कुणी सांगितलं नाही?"

कुणीच सांगितलं नव्हतं, आणि यानंही कधी कुणाला विचारलं नव्हतं. कडूबाला आधी आनंद झाला, मग स्वतःचाच राग आला. एवढी वर्षं तोंडात मूग धरून बसायला काय झालं होतं?

दुसऱ्या दिवशी धुतलेला सदरा घालून तो आरटीओबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेला. फारूख नावाच्या एजंटानं त्याचं आधारकार्ड उलटसुलट पाहिलं.

"बसचं लायसन एकदम नाय मिळत, मामू. आधी हलक्या गाडीचं काढा. ते वर्षाचं झालं की मग जडचं."

"बावीस वर्षं बसवर हाय मी."

"क्लीनर म्हणून ना? कागदावर काय हाय?"

"आमच्या ड्रायव्हर कय्युमभाईला ताप भरला तवा पैठणहून आख्खं वऱ्हाड मीच आणलं. एक ओरखडा नाय गाडीला."

फारूखनं इकडंतिकडं पाहिलं. "हे मला बोललात ते बोललात. दुसऱ्या कुणाजवळ बोलू नका. आत टाकतील."

कडूबा आतून भाजून निघाला. गाडी येते याचा त्याच्याजवळ एकच दाखला, आणि तोही गुन्हा. हलक्या गाडीचा अर्ज तेवढा भरून तो तडक शेठकडं आला.

"वर्षभर थांबता का शेठ? तवर वाटंल ते करीन."

"मी थांबेन रे. लग्नं थांबतील का?"

शेठचंही खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त चीड आली. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. त्यांच्याकडं गाड्या होत्या, याच्याकडं हात होते, आणि मधे एक कागद आडवा पडला होता.

"वर्ष काय, बोलता बोलता जातं," घरी आवडाबाई म्हणाली.

"कुणाचं जातं?" तो बायकोवर खेकसला आणि न जेवताच उठला.

महिनाअखेरीला सिल्लोडचं लग्न आलं. गाडी नवी, ड्रायव्हर कय्युमभाई. दोघांनी चौदा वर्षं एका ताटात खाल्लेलं. मंगल कार्यालयाचं फाटक अरुंद होतं. गाडी उलटी आत घ्यायची म्हटल्यावर कडूबा सवयीनं खाली उतरला आणि मागं जाऊन उभा राहिला.

"येऊ द्या... येऊ द्या..."

गाडी हातभर मागं आली आणि थांबली. आतून पीं-पीं आवाज यायला लागला. पुन्हा थोडी सरकली, पुन्हा थांबली. आधीच उतरलेले वऱ्हाडी कार्यालयाच्या पायऱ्यांवरून बघत होते. कय्युमभाईनं खिडकीतून डोकं काढलं, पण त्याच्याकडं बघितलं नाही.

"कडूबा, बाजू हो जरा. तेरेकू देख के मशीन चिल्लारी."

कडूबा बाजूच्या भिंतीला चिकटून उभा राहिला. आवाज बंद झाला. गाडी फाटकाच्या दोन्ही खांबांमधून सरळ आत आली आणि मागच्या भिंतीपासून वीतभर अंतरावर थांबली. कुठं वाकडी लागलीय का, म्हणून त्यानं चारी बाजूंनी निरखून पाहिलं. खोट सापडली असती तर बरं वाटलं असतं. पण त्याला स्वतःला याहून चांगली लावून घेता आली नसती.

कय्युमभाई खाली उतरला. विचारायची काही गरज नव्हती, तरी त्यानं विचारलं, "लागली का बरोबर?"

"लागली," कडूबा म्हणाला, आणि पाहुण्यांचं सामान काढायला त्यानं गाडीच्या बाजूची डिकी उघडली.