दर्शनी बाजू

सासूबाईंनी झाडाच्या खोडाला दोन बोटं लावली आणि अख्खं जंगल डुललं.

जावई दारात उभा होता, कौतुक झेलायच्या तयारीत. नाटकांचे सेट उभारण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. बाळाची खोली सजवणं त्याला डाव्या हातचा मळ वाटलं होतं. दारातून पाहिलं की डोळ्यांचं पारणं फिटावं. पुढे झाडं, झाडांत ससे, मागे डोंगर आणि डोंगराआड बाळाच्या पलंगाची जागा. सातव्या महिन्यातल्या बायकोने पाहताक्षणी टाळी वाजवली होती. पण ती टाळी हिशेबात धरता येत नव्हती, कारण निकाल तिच्या आईच्या हाती होता.

सासूबाई मुलांच्या वॉर्डात मुख्य परिचारिका होत्या. त्या निवृत्त झाल्या, पण वॉर्ड त्यांच्यातून निवृत्त झाला नव्हता. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की खोली पसंत पडली तर ठीक, नाहीतर लेक आणि बाळ वर्षभर त्यांच्याकडे राहतील; जावयाने रविवारी भेटायला यावं, चहा मिळेल. बायको यावर हो म्हणाली नव्हती आणि नाहीही. आईसमोर तिची बोलती बंद व्हायची.

सासूबाई डोंगरामागे गेल्या. तिथल्या फळ्या एकेक करून चाचपल्या. मग केसातला आकडा काढावा तसा एक खिळा चिमटीत धरून त्यांनी अलगद बाहेर ओढला.

"हे काय?"

सेटचा खिळा अर्धाच ठोकायचा असतो, म्हणजे प्रयोग संपला की पटकन उपटता येतो, असं जावयाने सांगितलं. सांगता सांगताच त्याचा आवाज बसत गेला.

"मग प्रयोग संपला की बाळालाही टेम्पोत भरणार का, जावईबापू?"

बायको हसू लपवायला खिडकीची कडी तपासू लागली. सासूबाईंनी पलंगाच्या जागेकडे बोट केलं.

"झोपा इथे."

"मी?"

"बाळ यायचंय अजून. तोवर तुम्हीच."

तो उताणा झाला. समोर डोंगराची पाठ होती. कच्च्या फळ्या, टेकू, बाहेर आलेले खिळे आणि बरोबर डोळ्यांसमोर काळ्या ठसठशीत अक्षरांत 'राजवाडा, डावी बाजू'. जुन्या सेटचाच माल तो. सगळं जंगल पाहुण्यांसाठी दाराकडे तोंड करून उभं होतं. बाळाच्या वाट्याला विंग आली होती.

सासूबाई महिनाअखेरीस पुन्हा येते म्हणून गेल्या.

त्याने जंगल पाडलं. फळ्या तासल्या, कडा घासघासून गोल केल्या, भिंतीत स्क्रू पिळले. बायको डोकवायची तर महाशय जमिनीवर लोळत, एक डोळा मिटून भिंतीशी बोलताना दिसायचे. एक मूल आधीच घरात आलंय, असं तिने शेजारणीला सांगून टाकलं.

सासूबाई आल्या आणि उंबऱ्यात थबकल्या. समोर पांढऱ्या भिंती, पलंग, कपाट, खुर्ची. बास. बायकोचा चेहरा उतरला. सासूबाईंनी मात्र पदर खोचला. पलंगाच्या गजांमधून मूठ जाते का पाहिलं, गेली नाही. कपाट धरून गदागदा हलवलं; हलल्या त्या स्वतःच. पलंगावर काही लोंबत नव्हतं, कुठे टोक नव्हतं. खोट सापडेना, आणि त्याचंच त्यांना वाईट वाटत असावं.

"धोका नाही कशाचा," त्या म्हणाल्या. "पण लेकराने बघायचं काय? चुना?"

जावयाने पलंगाशेजारी गादी अंथरली.

"झोपा, आई."

गुडघ्यांची कुरकुर ऐकत त्या टेकल्या, मग कुशीवर आडव्या झाल्या. दार ज्या भिंतीत होतं ती भिंत आत्तापर्यंत त्यांच्या पाठीमागेच राहिली होती. तिच्यावर, दाराच्या दोन्ही अंगांना, अगदी जमिनीपासून रंगवलेलं जंगल उगवलं होतं. खोडं चौकटीला बिलगलेली, मुळांत ससे. आणि मधोमध, उघड्या दारात, झाडांतून नुकतीच बाहेर आल्यासारखी, पोटावर हात ठेवून त्यांची लेक उभी होती.

सासूबाईंनी एकेक झाड मुळापासून शेंड्यापर्यंत तपासलं. 

"ही गादी इथेच असू दे," शेवटी त्या म्हणाल्या. "रात्री बाळाला बघायला कुणीतरी लागेलच."

जावयाने मनात मांडून पाहिलं. बायको इथे, बाळ इथे; ही जमा. सासूबाईही इथेच, हे कुठल्या बाजूला लिहावं ते त्याला ठरवता येईना. तरी त्यांच्या पिशवीसाठी तो खुंटी आणि हातोडी घेऊन आला. चौकटीवर खुंटी धरून त्याने वरचा खिळा ठोकायला घेतला आणि सवयीने अर्ध्यावर हात थांबला. त्याने वळून पाहिलं. बायकोही आईशेजारी आडवी झाली होती आणि कोपऱ्यातला ससा आहे की मांजर यावर दोघींचं जुंपलं होतं. आईसमोर बायको चक्क वाद घालत होती.

त्याने खिळा पार आत बसवला.

"खालचा राहिलाय," सासूबाई पडल्या पडल्या म्हणाल्या.