ठोक्याशिवाय

वीबके आणि अन्सगार यांचा संसार मोडून वर्षं झाली होती, पण वाजवण्यातली जोडी काही मोडत नव्हती. बर्लिनमध्ये दोघांचं नाव एकाच दमात घेतलं जायचं. एकच सूर पाऊण तास धरून ठेवायचा आणि लोकांनी जुन्या चर्चच्या फरशीवर चटया टाकून डोळे मिटून पडायचं, ही त्यांची ख्याती. वीबके म्हणाली, मी एकटी वाजवते, की आयोजक विचारायचे, "आणि अन्सगार?" जणू बाईला स्वतःचे हातच नाहीत!

त्या एका सुरात तिचा जीव गुदमरायला लागला होता. म्हणून नव्या रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूवर तिने ताल घातला. फार नाही, बासचा एक खोल ठोका आणि जमैकाच्या ‘डब’ संगीतात असतो तसा त्याचा विरत, पुन्हा परतत येणारा प्रतिध्वनी. सूर तोच होता, पण आता तो चालायला लागला होता. ही बाजू राहिली तर आपण या जोडीत राहू, नाहीतर नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

अन्सगारला घरी ऐकवलं तेव्हा तो म्हणाला होता, "बिनठोक्याचंही करून ठेव." तिने "बरं" म्हटलं आणि केलं नाही.

रेकॉर्ड कापायला, म्हणजे सूर सुईने चकतीवर कोरून घ्यायला, ते ओरहान नावाच्या कारागिराकडे गेले. बर्लिनच्याच नॉयकोल्न भागात, मागच्या अंगणातून तीन जिने चढून त्याची खोली. दोघांनी मान हलवल्याशिवाय ओरहान चकतीवर सुई टेकवत नसे, ही त्याची जुनी रीत. आजवर वीबकेच यायची आणि अन्सगारच्या वाट्याची मानही तीच हलवायची. या खेपेला मात्र साहेब स्वतः आले होते.

पहिली बाजू बिनबोभाट पार पडली. दुसरी लागली. ठोका आला तसं अन्सगारने डोळे मिटलेलेच ठेवून नाक मुरडलं.

"हे काय, कुणी जिना चढतंय का? ते दुसरं लाव, बिनठोक्याचं."

ओरहानने वीबकेकडे बघत आवाज बंद केला. ती तोंड उघडणार तोच अन्सगारने बोट वर केलं. "श्श!"

खोलीत भिंतीआडचा पंप तेवढा घुमत होता. चकती कापताना केसासारखे तंतू निघतात, ते ओढून घेणारा जुनाट पंप. ओरहान तो सकाळी लावायचा आणि संध्याकाळीच बंद करायचा.

"वा!" अन्सगार पुटपुटला. "ऐक, वीबके. हे आपलं. आता कसा मोकळा श्वास घेता येतोय."

ओरहानला हसू फुटलं, ते त्याने खोकल्यात दडवलं. वीबकेला मात्र हसू येईना. अन्सगार शेजारी बसून मान डोलावत होता, अगदी मनापासून. इतकी वर्षं तिच्या सुरांवर डोलावली, ती हीच मान.

"छान केलंयस गं," तो म्हणाला.

"अन्सगार, हा पंप आहे."

त्याने डोळे उघडले. आधी भिंतीकडे बघितलं, मग ओरहानकडे. कान लालबुंद झाले. आता हा ओशाळेल, निदान हसेल, मग मीही हसेन आणि हसता हसता म्हणेन की राहू दे ना माझा ठोका, असं तिला वाटलं. वेडी आशा, दुसरं काय!

"मग काय बिघडलं?" अन्सगार म्हणाला. "पंपच घालू. ओरहान, माइक आहे ना? घे त्याचा आवाज. त्या ठोक्यापेक्षा शंभर पटीने बरा."

मग ओरहान हळूच म्हणाला, "वीबके, तू मान हलवलीस तरच कापीन हं मी."

रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आलं नाही. तिने मान हलवली आणि कोट उचलला. "काप. फक्त कव्हरवर माझ्या नावाच्या जागी पंपाचं नाव घाल."

ठोक्याच्या बाजूची आपली डिस्क पिशवीत टाकून ती निघाली. लाकडी जिन्यावर तिचे बूट वाजत राहिले. अन्सगारने ओरहानला दार लावून घ्यायला सांगितलं, माइकमध्ये पावलं येत होती.